चाचणी पास, माती नापास

गोराईत खाडीच्या अंगाला एका बैठ्या घराच्या परसात मे महिन्यात आमचं प्रशिक्षण झालं. पालघर, शहापूरकडचे गवंडी आणि ग्रामसेवक आले होते. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी मातीत कसं जिरवायचं, हा विषय. तिथे आखलेला शोषखड्डा अजून डोक्यातून जात नाही.

माती किती वेगाने पाणी शोषते, हे पाझर चाचणीने कळतं. ती म्हणजे खड्डा खणून पाणी ओतायचं, एवढंच बहुतेकांना वाटतं. खरी मेहनत त्याच्या आधीची. फावड्याने कडा गुळगुळीत होतात, छिद्रं बुजतात आणि आकडा खोटा येतो. म्हणून चाकूने चारी बाजू खरवडायच्या, सुटी माती काढायची, तळाला ५ सेंमी बारीक खडी टाकायची. त्यावर ३० सेंमी पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी खड्डा कोरडा मिळाला, तर १५ सेंमी पाणी भरून दर अर्ध्या तासाने उतार, म्हणजे पाणी किती खाली गेलं ते, मोजायचा आणि पुन्हा भरायचं, असं ४ तास. धरायचा तो शेवटच्या अर्ध्या तासाचाच उतार. पहिला आकडा लिहून मोकळे होणारे ठेकेदार पुष्कळ आहेत, आणि तुंबलेले शोषखड्डे त्यांचेच.

इथे शेवटचा उतार ८३ मिमी आला. म्हणजे २५ मिमीला ९ मिनिटं. शोषखड्ड्याला ३० मिनिटांपर्यंत चालतं, त्या मानाने उत्तमच. सूत्रातल्या २०४ या ठरलेल्या आकड्याला ९ च्या वर्गमुळाने भागलं, की माती दर चौरस मीटरला रोज ६८ लिटर पाणी जिरवते. पाच माणसं, माणशी ५५ लिटर, एकूण २७५. म्हणजे शोषखड्ड्याची ४ चौरस मीटर भिंत पुरे : १ मीटर व्यास, १.३ मीटर खोली. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

शेजारी मातीचे थर बघायला दीड मीटरचा चर खणला होता. विक्रमगडकडचे एक गवंडी त्यात उतरले, कडेचं ढेकूळ फोडलं आणि म्हणाले, "सर, ही तर आमच्या खाचरातली माती. पावसात इथं पाणी उभं राहतं."

बरोबर होतं. ८० सेंमीखाली माती राखाडी, तिच्यात मुळांच्या वाटांनी गंजाचे ठिपके. पाणी साचून राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोह विरघळून सरकतं. पुन्हा हवा लागली, की ते तांबडं होऊन बसतं. पावसात भूजल इथवर चढतं, हे मे महिन्यातला कोरडा खड्डा सांगत नाही. रंग मात्र वर्षभर टिकतो. १.३ मीटरचा खड्डा पावसाळाभर भूजलात उभा राहिला असता. मलपाणी गाळायला हवा खेळणारी माती लागते. भिजलेल्या मातीतून जंतू सरळ विहिरीकडे निघतात. विहीर १८ मीटरच्या पलीकडे आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

अंदाजपत्रकाच्या फॉर्मवर मिनिटांचा रकाना आहे, रंगाचा नाही. सही करणाऱ्यांपैकी किती जण चरात उतरून माती बघतात?

मग शोषखड्ड्याऐवजी पाणी जिरवायला उथळ चर ठरले. तळ २० सेंमीवर ठेवला, तर खाली ६० सेंमी कोरडी माती उरते. त्या खोलीवर चाचणी नव्याने घ्यायची. वेग तोच निघाला तर ६० सेंमी रुंदीचा, साधारण ७ मीटर चर, तळ अगदी सपाट. माती ओली असताना खणायचं नाही. चिमटीत वळून तिची बारीक दोरी होत असेल, तर थांबायचं.

अडचण टाकीची. ती आधीच बांधून झालेली, आउटलेट, म्हणजे पाणी बाहेर पडायचं तोंड, जमिनीखाली ४५ सेंमी. चरातला पाइप जेमतेम ५ सेंमीखाली येणार. पाणी चढणार कसं? पंप लावला तर वीज आली आणि बिघाडही. आउटलेट उचलला तर इनलेट, म्हणजे मैला आत यायचं तोंड, त्याहून वर हवा, म्हणजे संडासाचं भांडंही वर. हिशोब मातीपासून सुरू व्हायला हवा होता : आधी रंग, मग चराची खोली, मग आउटलेट, इनलेट आणि शेवटी जोत्याची उंची. गवंडी नेमके उलटे निघतात, कारण त्यांना कोणी तसं शिकवलेलंच नाही.

घरच्या काकूंनी विचारलं, "संडास किती वर घ्यावा लागेल?" लेव्हल पाइप, म्हणजे उंची जुळवायची पाण्याची नळी, लावून पाहिलं. तीन पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या की पंप हे काकूंनी अजून कळवलेलं नाही.