थेंबातला तेरडा

रविवार, १४ सप्टेंबर

उजाडता उजाडता सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, पोचले. पाऊस रात्रीच थांबला होता, गवत थेंबांनी लगडलेलं. ऊन चढलं की वारा सुटतो, म्हणजे हातात जेमतेम तासभर.

आज एकाच फोटोसाठी गेले होते. पात्यावरच्या थेंबात मागचा तेरडा उलटा दिसतो, तो. गेल्या रविवारी साठेक फोटो काढले, घरी येऊन मोठे करून पाहिले, तर प्रत्येकात थेंबाची कड लख्ख आणि आतलं फूल पुसट. आठवडाभर मनाला लागलं होतं ते. हातच स्थिर नाही असं वाटत होतं.

चूक हाताची नव्हती. थेंब हे भिंगच आहे. त्यातून दिसणारा तेरडा थेंबाच्या आत नसतोच. त्याची प्रतिमा अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला पडते. थेंब ३ मिमीचा असेल तर त्याच्या मध्यापासून साधारण ३ मिमी अलीकडे. आणि १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाची उमटते तेव्हा, एफ ११ इतकं लेन्सचं छिद्र लहान ठेवूनही माझ्या फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर) नीट फोकसमध्ये येते ती जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. कड आणि फूल दोन्ही कुठून मिळणार? छिद्र आणखी लहान, एफ २२ करून पाहिलं, तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडलं.

मग लेन्सची फोकस रिंग १:१ वर नेऊन सोडून दिली. ती फिरवली की फ्रेमही बदलते. ओल्या जांभ्यावर पालथी झाले, कोपरं टेकवली, पात्याचं बूड डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलं आणि लेन्स त्याच हातावर टेकवली. स्क्रीनवरचं चालू दृश्य (लाइव्ह व्ह्यू) दहापट मोठं. फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारं पीकिंग बंद, कारण त्याच्या लाल रेघा थेंबाच्या कडेलाच चिकटतात. आधी कड पकडली, मग श्वास सोडत अंगानेच मागे आले, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. कड विरली, आणि मधे नुसता गुलाबी ठिपका होता त्याच्या पाकळ्या झाल्या. त्या दिसल्या तिथेच बटण दाबलं. तेवीस फोटोंतले दोन जमले. किती वेळ स्क्रीनकडे बघत पडून होते, कोण जाणे.

पुढच्या वेळी मोठा थेंब शोधायचा नाही. एक मिलिमीटरचा शोधायचा. थेंब लहान तसं हे अंतरही लहान, मग कड आणि फूल एकत्र बसायला हवेत. फूल त्यात मोहरीएवढंही दिसणार नाही, तरी चालेल.