शीन यांचा फळा : शिकागो ते पिओरिया

1950च्या दशकात अमेरिकी टीव्हीवर गाजलेले कॅथॉलिक बिशप फुल्टन शीन यांच्या खुणा बघायच्या तर इलिनॉय राज्यातल्या पिओरियाला जायचं. पिओरियात अ‍ॅमट्रॅकचं, म्हणजे अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेचं, स्टेशन नाही. शिकागोहून रेल्वेने गेलात तर ब्लूमिंग्टन-नॉर्मलला उतरून पुढे साठेक किलोमीटर जावं लागतं, म्हणून गाडी भाड्याने घेतलेली बरी. आम्ही आय-55 महामार्ग धरून शेनोआपर्यंत उतरलो आणि तिथून यूएस-24 ने पश्चिमेला वळलो. नकाशात ‘एल पासो’ टाकताना पुढे ‘इलिनॉय’ लिहाच, नाहीतर थेट टेक्ससचा रस्ता दिसतो.

दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मधे एल पासो. 8 मे 1895 ला फुल्टन शीन इथे जन्मले. मूळ नाव पीटर जॉन. फुल्टन हे आईचं माहेरचं आडनाव. गाव छोटं आहे, तासभर पुरतो. पुढे पन्नासेक किलोमीटरवर पिओरिया.

खरं थांबायचं ते मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या सेंट मेरीज कॅथिड्रलमध्ये. दोन मनोऱ्यांचं, गॉथिक धाटणीचं हे चर्च 1889 सालचं. लहानपणी वेदीसेवक असताना शीन यांच्या हातून द्राक्षारसाची सुरई याच वेदीजवळ पडून फुटली. मिस्सा, म्हणजे कॅथॉलिक उपासना, अर्पण करणारे बिशप स्पॉल्डिंग रागावले नाहीत. तू एक दिवस बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात शिकशील, असं त्यांनी पोराला सांगितलं. 20 सप्टेंबर 1919 ला याच चर्चमध्ये शीन यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, आणि 1923 मध्ये त्यांनी लूव्हेनमधूनच डॉक्टरेट घेतली.

आता त्यांची कबरही इथेच आहे. 9 डिसेंबर 1979 ला न्यू यॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा दफन सेंट पॅट्रिक्स कॅथिड्रलच्या तळघरात झालं होतं. अनेक वर्षांच्या कोर्टकज्जानंतर 27 जून 2019 ला पार्थिव पिओरियाला आणलं गेलं. प्रार्थनाविधी चालू असताना कबरीपाशी फिरता येत नाही. मिस्साच्या वेळा आणि धर्मप्रांताच्या शीन संग्रहालयाच्या वेळा आधी फोन करून विचारा. संग्रहालय रोज उघडं असेलच असं नाही.

इथे येण्यापूर्वी शीन यांच्या ‘लाइफ इज वर्थ लिव्हिंग’ या टीव्ही कार्यक्रमाचे दोन-तीन भाग जरूर पाहा. 12 फेब्रुवारी 1952 ला ड्युमाँट वाहिनीवर हा कार्यक्रम सुरू झाला, मंगळवारी रात्री आठला, विनोदवीर मिल्टन बर्लच्या त्याच वेळच्या तुफान लोकप्रिय कार्यक्रमासमोर. वीसेक वर्षं एनबीसी रेडिओवर बोलून शीन यांचा आवाज तयार झालेला होता, पण टीव्हीवर त्यांनी नजर आणि थांबणंही वापरलं. अंगात काळा झगा, खांद्यावर जांभळा अंगरखा, छातीवर क्रूस. मागे अभ्यासिकेसारखा सेट, मेरीमातेची मूर्ती आणि फळा. हातात कागद नाही, समोर टेलिप्रॉम्प्टर नाही. अर्ध्या तासाच्या भाषणासाठी ते तीसेक तास तयारी करत. विषय स्वतःला स्पष्ट झालाय का हे पाहायला तेच भाषण आधी इटालियन आणि फ्रेंचमध्ये म्हणून बघत. शेवट पक्का पाठ असे. घड्याळात ठरलेली मिनिटं उरली की बोलणं तिकडे वळवायचं. थेट प्रक्षेपणात वेळ चुकली की वाक्य अर्ध्यावर तुटतं, त्यामुळे ही शिस्त फार मोलाची.

फळ्याकडे नीट बघा. सगळ्यात वर ‘जेएमजे’ ही अक्षरं असतात : येशू, मेरी, योसेफ. फळा भरला की शीन चालत दुसरीकडे जात, कॅमेरा त्यांच्यामागे वळे, आणि चौकटीबाहेर एक मंचसहायक फळा पुसून टाकी. परत आल्यावर तो कोरा दिसे. या मदतनिसाला ते ‘देवदूत’ म्हणत. मला ही युक्ती फार आवडते, कारण तीमागे शिक्षकाची सवय आहे : वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठात त्यांनी 1926 ते 1950 तत्त्वज्ञान शिकवलं. 1953 मध्ये टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी श्रेय आपल्या चार लेखकांना दिलं : मत्तय, मार्क, लूक आणि योहान, म्हणजे बायबलमधल्या चार शुभवर्तमानांचे लेखक.

पुढे न्यू यॉर्कला जाणार असाल तर 54व्या रस्त्यावर अडेल्फी थिएटर शोधू नका. हे भाग तिथूनच दाखवले जात, पण ते 1970 मध्ये पाडलं गेलं. ड्युमाँटच्या बहुतेक कार्यक्रमांच्या प्रतीही नष्ट झाल्या. शीन यांचे भाग मात्र किनेस्कोपवर, म्हणजे पडद्यासमोर कॅमेरा लावून उतरवलेल्या फिल्मवर राहिले. चित्र थोडं धूसर आहे, आवाज मात्र स्वच्छ.