टेडीचं नाक, पंजे, पापण्या: नीडल फेल्टिंगचं फिनिशिंग

टेडीच्या फेल्ट केलेल्या, म्हणजे खाचेदार सुईने लोकर टोचून टोचून घट्ट केलेल्या, नाकावर कोणतं वार्निश मारावं, हा प्रश्न वारंवार येतो. वार्निशच्या आधी नाक चिमटीत धरून बघा. दाबल्यावर खळगा तसाच राहिला किंवा चिमट्याने एखादा तंतू सहज उपसून आला, तर फेल्टिंगच अर्धवट आहे. सैल लोकरीवर मारलेल्या वार्निशची वर नुसती पापडी धरते. आतली लोकर हलत राहते आणि पापडी तडकते.

मजबुती येते ती लोकर कापडात किती खोल रुतली आहे त्यावर. मोहेरच्या (अंगोरा शेळीच्या केसांच्या) लवदार कापडावर काम करताना नाकाच्या जागेवरची लव पार विणीपर्यंत कातरून घ्या, पण आखलेल्या रेषेच्या किंचित आतच. म्हणजे कडेची लव नाकाच्या काठावर येऊन सांधा झाकते. लव न कातरता लोकर चढवली तर ती केसांवरच तरंगते आणि काही दिवसांनी अख्खं नाक टोपीसारखं निघून हातात येतं. पहिला थर ३८ नंबरच्या सुईने खोल टोचा, तंतू विणीतून पार होऊन आतल्या भरावात अडकले पाहिजेत. त्यासाठी डोकं ठासून भरलेलं हवं. भराव लाकडाच्या भुशाचा असेल तर सुया पटापट मोडतात. तेव्हा मुस्कटाच्या भागात आधीच लोकरीचा किंवा पॉलिएस्टर फायबरचा जाड थर घालून ठेवा.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. आकार ३६ किंवा ३८ने, गुळगुळीतपणा ४०ने, शेवटचा हात ४२ने. शेवटच्या टप्प्यात बरेचजण घाईने खोल टोचत राहतात आणि पृष्ठभागावर भोकंच भोकं दिसतात. इथे सुई तिरकी धरून जेमतेम एक-दोन मिलिमीटर टोचायची, हलक्या हाताने आणि भरपूर वेळा. खोल टोचण्याचा आणखी एक तोटा म्हणजे नाकाचे काळे तंतू शेजारच्या फिक्या मुस्कटात ओढले जातात. ते नंतर एकेक करून चिमट्यानेच काढावे लागतात.

सुई ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर आली पाहिजे. आत असताना वळवली की टोक मोडलंच. मोडलेलं टोक सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुई पोलादी असते, चुंबक फिरवला की कुठे आहे ते कळतं. काचेच्या डोळ्यांवर पापणी बसवताना सुईचं टोक डोळ्यापासून दूर वळलेलं ठेवा, नाहीतर काचेचा टवका उडेल.

आता फेल्टवर उभी राहिलेली लोकरीची लव. दिव्याचा उजेड एका बाजूने पाडला की ती नीट दिसते. वाकड्या पात्याच्या भरतकामाच्या कात्रीने ती कातरा आणि पुन्हा ४२ची सुई फिरवा, कारण कातरलेली टोकं परत डोकं वर काढतात. लव जाळून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शेजारचं मोहेर करपायला क्षणही लागत नाही. त्यापेक्षा वाफ बरी: वाफेची इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून काही सेकंद वाफ द्या, मग सुती कापड ठेवून चमच्याच्या पाठीने दाबा. डोळे प्लास्टिकचे असतील तर वाफ त्यांच्यापासून लांबच.

चमकदार नाक हवं असेल तर मधमाशीचं मेण. कागदाला नाकाएवढं भोक पाडून तो चेहऱ्यावर धरा, म्हणजे आजूबाजूची लव सुटते. वाटाण्याहून लहान तुकडा बोटांत मऊ करून पातळ चोळा. हेअर ड्रायरच्या गरम हवेने तो लोकरीत जिरू द्या, गार झाल्यावर सुती कापडाने घासा. असे दोन-तीन थर पुरतात. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे हवा कोमट असेल तर ते नुसतं वर बसून राहतं आणि काळ्या नाकावर पांढुरकं दिसतं. तसं झालं तर पुन्हा गरम करून जास्तीचं पुसून घ्या. मेण लावलं की सुईचं काम संपलं, कारण मेणाने तंतू एकमेकांना चिकटतात आणि सुईने ते हलत नाहीत. म्हणून आकारातली दुरुस्ती, शेडिंग, सगळं आधी.

नखांच्या टोकांना पातळ पांढरा डिंक चालतो, एक भाग डिंक आणि दोन भाग पाणी, तोही फालतू तुकड्यावर वाळवून रंग बघितल्यावरच. पंजाच्या गाद्यांना आणि पापण्यांना मात्र काहीही लावू नये, असं माझं ठाम मत आहे. लोकरीचा मऊपणा गेला की त्या रबरी दिसतात.

असा टेडी धुवायचा नाही. ओली लोकर चोळली की आणखी आवळते, आणि सांध्यांतल्या हार्डबोर्डच्या चकत्या फुगतात. डाग पडला तर गार पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने टिपायचा.

राहिली कसर, म्हणजे लोकरीला लागणारी कीड. तिच्या अळ्यांना लोकर आणि मोहेर दोन्ही चालतात. लॅव्हेंडरच्या पुरचुंडीने आत शिरलेली अळी मरत नाही. शंका आली तर टेडी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर हवेतला ओलावा थेट गार लोकरीवर धरतो.