काडतूस अडकतंय कुठे?

ओहायोत आल्यावर मला घरी काडतुसं भरायचा नाद लागला. (भारतात परवान्याशिवाय हे केलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली थेट आत. सुट्टीत सांगलीला गेलो की या विषयावर तोंड उघडत नाही.) मागच्या हिवाळ्यात गाड्यांच्या चाकांना लावतात ती शिशाची वजनं वितळवून गोळ्याही घरीच ओतल्या. नाइन एमएमच्या, गोल नाकाच्या, इतक्या देखण्या की बायकोला बोलावून दाखवल्या.

नेमबाजीच्या रेंजवर पहिल्याच मॅगझिनला फजिती. तिसरं काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) शिरलं, पण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मिटेना. पिस्तूल सीझेड ७५, विकतची काडतुसं निमूट खाणारं. म्हणजे खोट माझ्याच मालात. तरी मी आधी मॅगझिनची स्प्रिंग बदलली, मग चेंबर घासला. दोन रविवार फुकट!

शेवटी रेंजवरचे एक आजोबा म्हणाले, "बॅरल काढून त्यात टाकून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. घरी बॅरल सुटी केली, चेंबर वर धरून विकतचं काडतूस सोडलं. 'टप्प' करून बसलं, बोटाने गरगर फिरलंही. माझं थोडं वरच राहिलं. मग गोळी काळ्या मार्करने रंगवली, पुन्हा घातली, जरा फिरवून काढली. नाकाच्या बुडाशी शाई खरवडून चकचकीत बारीक रेघा उठल्या होत्या. गोळी बॅरलच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार कंगोऱ्यांना, टेकत होती. पुस्तकातली अख्ख्या काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी, मी तिच्या आत होतो, पण माझ्या गोळीचं अंग जाड आणि सीझेडमध्ये आट्यांपूर्वीची मोकळी जागा आखूड.

मोकळी फिरेपर्यंत गोळी थोडी थोडी खोल बसवत गेलो. खोल गेली की केसमधली (पितळी नळकांड्यातली) जागा घटते आणि दाब वाढतो, म्हणून दारूचं माप पुन्हा तक्त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून धरलं. आधीची सगळी काडतुसं हातोडी-पुलरने, म्हणजे ठोकून गोळी बाहेर काढायच्या हातोडीने, फोडली. त्या ठोकाठोकीबद्दल घरी जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

तरीही दहा-बारांत एखादं अडायचंच. या वेळी शाई खरवडली ती केसच्या तोंडाशी. शिसं सोललं जाऊ नये म्हणून मी तोंड जास्त फाकवत होतो आणि नंतर पुरतं मिटवत नव्हतो. कॅलिपरवर ०.३८३ इंच, हवं ०.३८० च्या आत. टेपर क्रिंप, म्हणजे केसचं तोंड गोळीभोवती आवळणं, जरासा वाढवून ०.३७९ वर आणला. त्याहून आवळला तर मऊ गोळीच दबून बारीक होते.

परवा शंभर भरली, एकेक बॅरलमध्ये टाकून पाहिली, शंभरही सुटली. बॅरलमध्ये थोडं शिसं चिकटतंय, ते आता बघायचंय.