खुल्या व्हायवाच्या आधी

पीएच.डी.चे प्रबंध वाचणं हे कुलगुरूंचं काम नाही. तरी रसायनशास्त्राचा प्रबंध टेबलावर आला की मी चाळतेच. आधी माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग (आताची आयसीटी), मग तारापूर एमआयडीसीत उभा केलेला छोटा कारखाना, यात उमेदीची वर्षं गेली. १९३३ साली सुरू झालेल्या यूडीसीटीत कारखानदार आपली अडचण घेऊन थेट प्राध्यापकांकडे येत. ती सवय अंगात मुरली आहे.

त्या दिवशी अकराला एका मुलीची खुली व्हायवा, म्हणजे प्रबंधाची सर्वांसमोर होणारी तोंडी परीक्षा, होती. सकाळी तिचं चौथं प्रकरण उघडलं आणि समोरच्या फायली तशाच राहिल्या. एस्टर बनवताना वापरतात त्या तीव्र सल्फ्युरिक आम्लाऐवजी तिने घन आम्ल-उत्प्रेरक तयार केला होता. याचं मोल कारखान्यात राबलेल्यालाच कळतं. ९८ किलो सल्फ्युरिक आम्ल कॉस्टिक सोड्याने न्यूट्रल केलं की १४२ किलो सोडियम सल्फेट होतं, आणि ते खारं पाणी कुठे न्यायचं, हा घोर कायमचा. अशा दाव्यांत बरेच जण एक चाचणी टाळतात. प्रक्रिया अर्ध्यावर असताना, गरम असतानाच उत्प्रेरक गाळून काढायचा आणि उरलेला द्रव तापवत ठेवायचा. रूपांतर त्याच वेगाने चालू राहिलं, तर आम्ल सुटून द्रवात उतरलंय. हिने ती चाचणी केली होती. रूपांतर जवळजवळ थांबलं होतं.

मार्गदर्शकांना फोन लावला. पेटंटचा अर्ज केलाय का?

"मॅडम, त्यात फार वेळ जातो. पेपर स्वीकारला गेलाय, पुढच्या आठवड्यात येईल."

खुली व्हायवा म्हणजे जाहीर प्रकटन. तिथे सगळं सांगून टाकलं की युरोपात नावीन्य संपलं, आणि नावीन्याशिवाय पेटंट नाही. अमेरिकेसारखी वर्षाची सवलत तिथे नाही. १९९७ मध्ये हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द झालं, ते आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आधीचं छापील साहित्य पुढे ठेवलं म्हणून. तोच नियम आपल्या मुलांवरही उलटतो, हे मार्गदर्शकांना कुणी शिकवत नाही, आणि पदोन्नतीचे गुण पेपरवर मिळतात तोवर ते आपणहून शिकणार नाहीत.

व्हायवा तीनवर ढकलली. बाहेरगावचे परीक्षक नाराज झाले. त्यांचं विमान संध्याकाळचं होतं, त्यांची नाराजी चुकीची नव्हती.

केबिनमध्ये ती, मार्गदर्शक आणि पेटंट एजंट बसले. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या अर्जात नेमका हक्क कशावर ते सांगणारे दावे लागत नाहीत, पण वर्णनात जे नाही त्याला आजची तारीख मिळत नाही. म्हणून मी खोदून विचारत गेले. १२० अंशांना चालतं, मग १०० ला? काळा पडलेला उत्प्रेरक पुन्हा वापरण्यासाठी हवेत किती तापवलास? ती प्रयोगवही उघडून उत्तरं देत होती. ही बारीक पूड कारखान्यात फिल्टरचं कापड चोंदवेल, असं म्हटल्यावर मात्र ती घुटमळली.

"मॅडम, गोळ्या करून पाहिल्या होत्या, ॲल्युमिनाचा बाइंडर घालून. पण यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, ९४ वरून ८८ टक्क्यांवर आलं, म्हणून ते प्रबंधात घेतलं नाही."

वही माझ्याकडे ओढली. निळ्या पेनातले आकडे, कोपऱ्यावर ॲसिडने खाल्लेला कागद, आणि तळाशी तिची नोंद: 'गोळी फुटली नाही. गाळावं लागलं नाही.' यील्ड थोडं गेलं तर गेलं! गोळ्या फिक्स्ड बेडमध्ये, म्हणजे एका जागी स्थिर राहतील अशा थरात, भरून कच्चा माल त्यावरून सतत सोडता आला, तर गाळणीचा टप्पाच उरत नाही. कारखानदार पैसे मोजेल ते या पानासाठी. अशी किती पानं 'यील्ड कमी' म्हणून वह्यांत पडून असतील, या विचाराने अजून जीव जळतो.

मध्येच विभागप्रमुखांचं नावही शोधकांत घालावं, अशी सूचना आली. मी साफ नकार दिला. पेपरवर नावं चढवायची रीत इथे आणली, तर उद्या वादात तेच नाव पेटंट बुडवू शकतं.

अडीचच्या सुमारास अर्ज ऑनलाइन दाखल झाला. तीनला ती उभी राहिली आणि फार छान बोलली.

आता बारा महिन्यांत संपूर्ण तपशील द्यायचा आहे. गोळ्यांचे प्रयोग मोजकेच झालेत. शेकडो तास सलग चालवल्याशिवाय ठामपणे काही लिहिता येणार नाही. विद्यापीठात तसा रिॲक्टर नाही. तारापूरला आहे, पण त्या कंपनीत माझे शेअर आहेत, तेव्हा विद्यापीठाचं काम मी तिथे नेणार नाही. दुसऱ्या एका उद्योजकाला विचारलं, तर तो म्हणतो आधी आकडे आणा. आकड्यांसाठीच तर रिॲक्टर हवाय! वित्त विभागाच्या मते उपकरण 'संशोधन' या शीर्षात बसतं, ते रात्रंदिवस चालवणारी माणसं बसत नाहीत. व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीत पाळीतल्या तंत्रज्ञांची तरतूद मी मागणार आहे. विरोध होईल, कुठून होईल तेही ठाऊक आहे.

ती पोस्टडॉकसाठी जर्मनीला निघाली आहे. व्हिसा येईपर्यंत एम.एस्सी.च्या एका मुलाला ती गोळ्या करायला शिकवते आहे. मागच्या खेपेच्या गोळ्या बाइंडर जास्त झाल्याने वाया गेल्या, आणि तेही त्याने वहीत लिहून ठेवलंय.