बसून चालवायच्या मोवरला रोल बार कायद्याने सक्तीचा असावा का?

राइड-ऑन मोवरच्या, म्हणजे वर बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राच्या कोटेशनमध्ये रोल बारची, म्हणजे यंत्र उलटल्यास चालक चिरडला जाऊ नये म्हणून बसवायच्या उभ्या चौकटीची किंमत बहुधा शेवटच्या ओळींत, 'ऐच्छिक' या सदराखाली, जादा पात्यांच्या संचाशेजारी लिहिलेली असते. नेरूळमधील एका मोठ्या आवाराच्या देखभाल समितीवर काम करताना अशी कोटेशने माझ्या नजरेखालून गेली आहेत आणि खर्च आटोक्यात आणण्याची वेळ आली की पहिली काट याच ओळीवर बसते, हेही मी पाहिले आहे. यात कोणाचा दुष्टावा नसतो. बार नसला तरी यंत्र गवत तितकेच चांगले कापते. त्याची उणीव भासते ती केवळ यंत्र उलटते त्या एका क्षणी, आणि त्या क्षणी यंत्रावर समितीचा सदस्य बसलेला नसतो. खर्च वाचवणारा एक आणि धोका पत्करणारा दुसरा, अशी जिथे विभागणी होते तिथे निर्णय खरेदीदाराच्या सद्‌बुद्धीवर सोडणे मला योग्य वाटत नाही. म्हणून सक्ती असावी, असे माझे मत आहे. मात्र 'प्रत्येक मोवरला एक बार' असे एका ओळीत लिहिलेले कलम निरुपयोगी ठरेल, हेही मला तितकेच ठामपणे म्हणायचे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की नवी मुंबईत या यंत्रांची संख्या फार नाही. रस्त्याकडेचे आणि बहुतेक उद्यानांतील गवत खांद्याला अडकवलेल्या ब्रश कटरने किंवा मागून ढकलायच्या मोवरने कापले जाते. बसून चालवायचे यंत्र लागते ते खारघरच्या गोल्फ कोर्ससारख्या विस्तीर्ण हिरवळीला, क्रीडांगणांना आणि मोठ्या शैक्षणिक किंवा औद्योगिक आवारांना. शहराचा बराचसा भाग भराव घातलेला आणि सपाट असल्यामुळे यंत्र उलटण्याची भीती अनाठायी वाटू शकते. परंतु या सपाट शहरातच सिडकोने पावसाचे पाणी साठवणारे धारण तलाव बांधले आहेत, त्यांना उतरते बांध आहेत; बेलापूर आणि खारघरकडे आवारे थेट डोंगराच्या पायथ्याला भिडतात; आणि जवळपास प्रत्येक मोठ्या लॉनच्या कडेला पावसाळी नाला किंवा संरक्षक भिंतीवरून खाली उतरणारा भाग असतोच. शिवाय गवत सर्वांत वेगाने वाढते ते जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे जमीन सर्वाधिक निसरडी असते त्याच काळात.

यंत्र उलटते कसे, हे समजून घेतल्याशिवाय कायद्याची चर्चा व्यर्थ आहे. यंत्राचा गुरुत्वमध्य जितका उंच आणि चाकांमधील अंतर जितके कमी, तितक्या कमी उतारावर ते कलंडते. ट्रॅक्टर अनेक टनांचा असू शकतो, त्यामुळे चालकाच्या वजनाने त्याच्या तोलात फारसा फरक पडत नाही. अडीचशे-तीनशे किलोच्या मोवरवर मात्र सत्तर-ऐंशी किलोचा माणूस उंचावर बसला की एकूण गुरुत्वमध्य लक्षणीय वर सरकतो. स्थिर अवस्थेत यंत्र बऱ्याच तीव्र उतारावरही उभे राहते, हे खरे. पण प्रत्यक्षात वरच्या बाजूचे चाक दगडावर चढते, खालच्या बाजूचे खड्ड्यात जाते, चालक वळण घेतो, आणि कागदावरचा सुरक्षित कोन क्षणात संपतो.

झिरो टर्न प्रकारच्या यंत्रांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांतील बहुतेकांत स्टिअरिंग चाक नसते; दोन दांड्यांनी मागच्या दोन चाकांचा वेग स्वतंत्रपणे कमी-अधिक करून यंत्र वळवले आणि थांबवले जाते. पुढची चाके नुसती फिरती असतात, ती ना दिशा देतात ना ब्रेक लावतात. याचा अर्थ ओल्या गवतावर मागच्या चाकांची पकड सुटली की वळवणे आणि थांबवणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी हातातून जातात आणि यंत्र उताराच्या दिशेने घसरत जाते. खाली भिंतीची कड किंवा पाणी असेल तर पुढे काय होते ते सांगण्याची गरज नाही. अशा यंत्रांच्या पुस्तिकांत साधारणपणे १५ अंशांहून अधिक उतारावर जाऊ नये आणि कडेपासून यंत्राच्या दुप्पट रुंदीइतके अंतर राखावे, असे सांगितलेले असते.

पंधरा अंश म्हणजे नेमके किती, हे आपल्याकडे कामावरच्या कोणालाही विचारून पाहावे. स्थापत्य अभियंते उतार अंशांत मोजत नाहीत, गुणोत्तरात मोजतात, आणि या दोन भाषांमध्येच गफलत होते. एकास चार उतार, म्हणजे चार मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ, हा सुमारे १४ अंश, एकास तीन म्हणजे साडेअठरा अंशांच्या आसपास आणि एकास दोन म्हणजे सुमारे साडेसव्वीस अंश. मातीच्या बांधांना एकास दोन हा उतार अगदी नेहमीचा आहे. डोळ्यांना तो फारसा भयानक वाटत नाही, माणूस त्यावर चालूही शकतो. पण पुस्तिकेतील मर्यादा तिथे केव्हाच ओलांडलेली असते.

आता बार काय करतो ते पाहू. तो यंत्राला उलटू देत नाही, हा समज चुकीचा आहे. यंत्र उलटल्यावर चालकाभोवती एक मोकळी जागा शाबूत राखणे आणि यंत्राला शक्यतो एका बाजूवरच थोपवणे, एवढेच त्याचे काम. चालक त्या मोकळ्या जागेतच राहिला पाहिजे, यासाठी सीट बेल्ट लागतो. बेल्टशिवाय बार असेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि कधी कधी त्याच बारखाली सापडतो. याच्या उलट, बार दुमडून खाली घेतलेला असताना बेल्ट बांधायचा नसतो, कारण मग माणूस उलटणाऱ्या यंत्रालाच जखडला जातो. बार वर तर बेल्ट हवा, बार खाली तर बेल्ट नको: हा नियम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटा वाटतो, त्यामुळे तो शिकवावा लागतो. यंत्रावरचे स्टिकर इंग्रजीत असतात आणि ते चालवणारा माळी मुरबाड, जव्हार किंवा थेट उत्तर भारतातून आलेला असतो. त्याला हा नियम कोणत्या भाषेत कळावा, अशी आपली अपेक्षा आहे, हे मला कधीच समजलेले नाही.

या विषयातील सर्वांत भक्कम अनुभव ट्रॅक्टरचा आहे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना संरक्षक सांगाडा, म्हणजे रोल बार किंवा तशीच चौकट, सक्तीचा केला. १९५७ मध्ये तिथे दर एक लाख ट्रॅक्टरमागे उलटून होणारे मृत्यू १२ होते. पुढे सक्ती जुन्या ट्रॅक्टरपर्यंत पोहोचली आणि १९९० पर्यंत हे प्रमाण ०.२ वर आले. इतका स्पष्ट परिणाम दाखवणारे सुरक्षेचे कायदे जगात थोडेच सापडतील. अर्थात ट्रॅक्टरचे आकडे मोवरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मी जाणून आहे. परंतु चालकाभोवती मजबूत चौकट आणि बेल्ट असल्यास तो चिरडला जाण्यापासून वाचतो, हे यंत्रशास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

अमेरिकेने मात्र अश्वशक्तीची रेघ ओढली. २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या, २० अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या आणि नोकरीवरच्या माणसाने चालवायच्या शेती ट्रॅक्टरना तिथे संरक्षक सांगाडा सक्तीचा झाला. गवतकापणी यंत्रे या व्याख्येबाहेरच राहिली. गंमत अशी की मागून चालत ढकलायच्या मोवरसाठी तिथे १९८२ पासून सक्तीचे मानक आहे आणि त्यानुसार दांडा सोडताच पाते तीन सेकंदांत थांबलेच पाहिजे. पण बसून चालवायच्या मोवरसाठी उद्योगाने स्वतःहून पाळायच्या मानकावरच भिस्त ठेवलेली आहे. अश्वशक्ती हा निकषच मला पटत नाही. यंत्र कलंडते ते इंजिनाच्या ताकदीमुळे नव्हे, तर उंची, रुंदी आणि उतार यांच्या हिशेबाने.

या बाबतीत ब्रिटनचा १९९८ चा कामाच्या साधनांविषयीचा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो कोणत्याही यंत्राचे नाव घेत नाही. ज्यावर कामगार बसतो असे फिरते यंत्र उलटण्याचा धोका असेल, तर मालकाने ते स्थिर करावे, किंवा ते एका बाजूवर पडून थांबेल अशी रचना बसवावी, किंवा पुरेशी मोकळी जागा राखणारी रचना द्यावी, अथवा तोडीस तोड संरक्षण देणारे दुसरे साधन द्यावे, असे तो सांगतो. चिरडले जाण्याचा धोका असेल तर माणसाला जागेवर धरून ठेवणारा बेल्ट हवा. आणि अशा रचनेमुळे एकूण धोका वाढणार असेल तर सूटही आहे. ऑस्ट्रेलियाने चारचाकी क्वाड बाइकच्या बाबतीत याच दिशेने पाऊल टाकले: ११ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या क्वाड बाइकना किमान स्थिरतेची चाचणी आणि चालक-संरक्षक साधन दोन्ही सक्तीचे झाले. त्यावर काही मोठ्या उत्पादकांनी तिथली विक्री बंद करणे पसंत केले. कायदा झाल्यास उत्पादक बाजार सोडतात, ही भीती त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. पण त्या देशाने ती किंमत जाणूनबुजून मोजली.

आपल्याकडे हे यंत्र कायद्यांच्या फटीत बरोबर बसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्या केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरायच्या खास प्रकारच्या वाहनांना वगळते, त्यामुळे लॉनवरच फिरणाऱ्या मोवरची ना नोंदणी होते ना तपासणी. मळणीयंत्रांमुळे होणारे अपघात पाहून संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम केला आणि उत्पादक व विक्रेत्यावर जबाबदाऱ्या टाकल्या; मात्र त्याचा रोख शेती आणि ग्रामीण क्षेत्रातील यंत्रांवर आहे, खारघरच्या हिरवळीवर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता मालकावर कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य टाकते. पण दहा कामगारांच्या आतील ठेकेदार साधारणपणे तिच्या कक्षेबाहेर राहतो, आणि सर्वसाधारण कर्तव्याची आठवण अपघातानंतरच होते.

सक्तीवरचे आक्षेप मी हलके मानत नाही. खर्चाचा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो, कारण व्यावसायिक यंत्राच्या लाखांतील किमतीपुढे बारची किंमत किरकोळ असते. झाडांचा आक्षेप अधिक खरा आहे. वर्षावृक्ष आणि गुलमोहराच्या खाली झुकलेल्या फांद्यांत उभा बार अडकतो, म्हणून तो दुमडला जातो आणि झाडांची रांग संपल्यावर पुन्हा उभा करायचे राहून जाते. पण त्यावर उपाय फांद्यांची छाटणी हा आहे. झाडांखालचा तेवढा पट्टा ब्रश कटरने कापला तरी भागते. तिसरा आक्षेप हलक्या, घरगुती आकाराच्या यंत्रांचा, आणि तो मला मान्य आहे. त्यांची चौकट बारचा भार पेलण्यासाठी बनलेलीच नसते. अशा यंत्रांवर बार लादण्याऐवजी ती सपाट जमिनीपुरती मर्यादित ठेवणे शहाणपणाचे.

सक्ती झाली की आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास होईल, आणि तिची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसी पट्ट्यात कोणताही फॅब्रिकेटर दुपारपर्यंत पाइप वाकवून, वेल्डिंग करून झकास दिसणारा बार तयार करून देईल, वर उन्हासाठी पत्र्याचे छतही बसवून देईल. छत म्हणजे बार नव्हे, आणि वेल्ड केलेला पाइप म्हणजेही बार नव्हे. गवतकापणी यंत्रांच्या सांगाड्यासाठी आयएसओ २१२९९ हे स्वतंत्र मानक आहे. त्यात बाजूने, लांबीच्या दिशेने आणि वरून ठरावीक भार देऊन चालकाभोवतीची जागा अबाधित राहते की नाही, हे तपासले जाते. चाचणी झालेल्या बारवर तशी पाटी असते. पाटी नसलेला बार धोका कमी करत नाही, चालकाची भीती तेवढी कमी करतो.

म्हणून सक्ती विक्रीच्या आणि आयातीच्या टप्प्यावर हवी. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या कायद्याखाली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून केंद्र सरकार एखादे मानक सक्तीचे करू शकते. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटबाबत १ जून २०२१ पासून तेच झाले. व्यावसायिक राइड-ऑन मोवर चाचणी झालेला बार आणि बेल्ट यांच्याशिवाय विकता येऊ नये, आणि कामावर माणूस बसवणाऱ्या मालकावर ब्रिटनसारखे स्पष्ट कर्तव्य असावे. दंड माळ्याला नको. बेल्ट न बांधल्याबद्दल त्याची रोजंदारी कापणारा ठेकेदार मी डोळ्यांसमोर सहज आणू शकतो.

तोवर महापालिका, सिडको आणि मोठी आवारे निविदेत तीन अटी आजही घालू शकतात: पाटी असलेला बार आणि बेल्ट, आवारातील प्रत्येक उताराची मोजणी करून राइड-ऑन मोवर कुठे न्यायचा नाही याचा मराठी-हिंदी नकाशा, आणि धारण तलावांच्या बांधांवर या यंत्रांना पूर्ण बंदी. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.

जुन्या यंत्रांना मात्र मुदत द्यावी लागेल. ब्रिटनने ट्रॅक्टरच्या बाबतीत नव्यांना १९७० आणि जुन्यांना १९७७ अशी वर्षे ठरवली होती. आपणही तसे करावे. उत्पादक बार पुरवत असेल त्या यंत्राला मुदतीत तो बसवावा, आणि ज्या यंत्राला चाचणी झालेला बार मिळतच नाही त्याने उतार सोडून क्रीडांगणावर काम करावे. सपाट मैदानावर अजून बरीच वर्षे त्याचा उपयोग होईल.