खडखड गेली एकदाची

गेले पंधरा दिवस स्क्रोल सॉ (लाकडात नक्षी कापायची बारीक पात्याची मशीन-करवत) नुसती खडखडत होती. मी आपला पात्याला दोष देतोय, ताण वाढवतोय, दिसेल तो बोल्ट आवळतोय. आज शेवटी पातं काढलं आणि वरचा दांडा हाताने हलवला, तर मागून टकटक. मोटरची गती दांड्याला देणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं!

आत ग्रीस कसलं, भुशाचा काळा चिकट गोळा. बोटाने फिरवलं की दाताखाली खडा यावा तसं करकरत होतं. कडेवर पुसट आकडा होता, ६०८ झेडझेड. म्हणजे भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. झेडझेडला दोन्हीकडे पत्र्याची झाकणं असतात, पण ती आतल्या कड्याला टेकत नाहीत. बारीक भुशाला तेवढी फट पुरते. म्हणून या वेळी रबरी सीलचं बसवलं.

मागे एकदा असंच नवंकोरं बेअरिंग आतल्या कड्यावर हातोडी मारून खाचेत ठोकलं होतं. सगळा मार गोळ्यांवर बसला, आणि पहिल्याच दिवशी ते गुणगुणायला लागलं. आज शहाण्यासारखा बाहेरच्या कड्याच्या मापाचा सॉकेट (पान्याची गोल वाटी) टेकवला आणि व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, हळूहळू दाबलं. सरळ गेलं.

काम तासाभराचं. त्यातला अर्धा तास गडगडत गेलेला वॉशर शोधण्यात. (माझ्याच चपलेखाली होता.)

मग थरथर किती उरलीय ते बघायला टेबलावर नाणं ठेवून मशीन चालू केलं. उभं काही राहिलं नाही, पण आडवं ठेवलेलं आता जागचं हलत नाहीये.